हुगळीकाठचा छापखाना : प्रस्तावना

श्रीरामपूर म्हटले की मराठी वाचकाला नगर जिल्ह्यातले, उसाच्या मळ्यांचे आणि साखर कारखान्याचे गाव आठवते. हे पुस्तक त्या गावाचे नाही. कोलकात्याच्या वरच्या अंगाला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर, बराकपूरच्या छावणीच्या बरोबर समोर एक श्रीरामपूर आहे. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. 1755 पासून 1845 पर्यंत तिथे डेन्मार्कचे राज्य होते आणि त्या लोकांनी आपल्या राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हणायला सुरुवात केली होती. लोकांच्या तोंडी ते नाव काही रुजले नाही. गाव तसे लहान. एक घाट, एक चर्च, व्यापाऱ्यांच्या वखारी आणि कोलकात्यातल्या सावकारांचा ससेमिरा चुकवायला नदीमार्गे पळून आलेले काही देणेकरी, एवढाच त्याचा पसारा. अशा या गावातून 23 मे 1818 रोजी ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघाले. पुढच्या पानांत त्या पत्राची हकीकत आहे आणि त्याहून जास्त, ते जिथे छापले गेले त्या इमारतीची.

‘त्याहून जास्त’ हे मुद्दाम लिहिले आहे. आपल्याकडे वृत्तपत्रांचा इतिहास संपादकांच्या नावांनी लिहायची रीत पडली आहे. संपादक, त्याची मते, त्याच्यावरचे खटले, त्याची तसबीर, आणि प्रकरण संपले. तो अंक कोणत्या छपराखाली छापला, खिळे कोणी पाडले, कागद कुठून आला, शाई कोणी घोटली आणि रात्री उशिरा शेवटचा फर्मा यंत्रावर कोणी चढवला, हे विचारायचे राहून जाते. श्रीरामपूरपुरते बोलायचे तर तो प्रश्न टाळून इतिहास लिहिताच येत नाही. या गावात छापखाना आधी आला आणि वर्तमानपत्र त्यानंतर अठरा वर्षांनी.

छापखाना तिथे का आला, याचे कारण राजकारणात आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या बाबतीत लोक बिथरले तर व्यापार बुडेल, हा तिचा हिशेब. त्यात मे 1799 मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी कोलकात्याच्या वर्तमानपत्रांवर नियम लादले : मजकूर छापण्याआधी सरकारी सचिवाला दाखवायचा, अंकावर मुद्रकाचे नाव घालायचे, मोडल्यास विलायतेला परत पाठवणी. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाप्टिस्ट मिशनची काही माणसे एका अमेरिकी जहाजातून आली. कोलकात्यात उतरायची सोय नसल्याने ती सरळ श्रीरामपूरला गेली. तिथले डेन्मार्कचे गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आसरा दिला आणि कंपनीच्या दडपणाला भीक घातली नाही. उत्तर बंगालात मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर नोकरी करणारे विल्यम कॅरी 10 जानेवारी 1800 रोजी त्यांना येऊन मिळाले. येताना त्यांनी एक लाकडी छापयंत्र आणले. जॉर्ज उडनी नावाच्या त्यांच्या मालकाने ते घेऊन दिले होते.

कॅरी मूळचे चांभारकाम करणारे, त्या जहाजातून आलेल्यांपैकी जोशुआ मार्शमन शाळामास्तर आणि विल्यम वॉर्ड छापखान्यात वाढलेले. वॉर्ड यांनी विलायतेत डर्बी आणि हल या गावांत वर्तमानपत्रे चालवली होती. या तिघांना ‘श्रीरामपूरचे त्रिकूट’ म्हणायची प्रथा आहे आणि कॅरींवर चरित्रांमागून चरित्रे निघाली आहेत. माझ्या मते या इमारतीच्या दृष्टीने तिघांत वॉर्ड यांचे वजन अधिक. छापखान्याचा जमाखर्च, माणसांची कामे, मुद्रितांची तपासणी, सगळे त्यांच्या टेबलावरून चाले. आणि खरे म्हणजे त्रिकुटाच्या जोडीला चौथे एक नाव हवे होते, ते चरित्रकारांनी तळटीपेत टाकले.

ते नाव पंचानन कर्मकार. बंगालीत कर्मकार म्हणजे लोहार. हुगळीच्या काठच्या त्रिवेणी गावचे हे घराणे धातूवर अक्षरे कोरण्यात मुरलेले. चार्ल्स विल्किन्स यांनी हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी खिळे तयार केले तेव्हा पंचानन त्यांच्या हाताखाली होते. ते व्याकरण 1778 मध्ये हुगळी गावात छापले गेले. विल्किन्स यांचे नाव जगभर झाले. पंचानन यांच्या हाती कसब तेवढे राहिले, आणि ते घेऊन ते श्रीरामपूरला आले. तिथे त्यांनी ओतशाळा उभी केली. खिळा तयार करण्याची रीत अशी : पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते पोलाद कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे, तांब्यात अक्षराची खोलगट सुलटी खूण उमटली की तो साचा झाला, आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतून हवे तेवढे खिळे पाडायचे. रोमन लिपीला अशा कोरीव ठशांची संख्या थोडी लागते. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांमुळे पंचानन यांना सुमारे सातशे ठशांचा संच योजावा लागला. तो अर्ध्यावर असतानाच, 1804 च्या आसपास, ते वारले. जावई मनोहर यांनी तो पुरा केला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे बंगाली, नागरी, ओडिया, चिनी अशा कितीतरी लिप्या कोरल्या. मनोहर यांच्या घराण्याने धर्म बदलला नाही. बायबलाचे खिळे पाडणारा कारागीर आपल्या देवाच्या मूर्तीखाली मांडी घालून कामाला बसतो, याचे नवल एका इंग्रज पाहुण्याने लिहून ठेवले आहे. नवल पाहुण्याला वाटले. कारागिराला त्यात काही वावगे वाटले असेल असे दिसत नाही.

मराठी वाचकाचा या इमारतीशी संबंध इथून सुरू होतो. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकवल्या जात. कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. मराठी त्यांना कोणी शिकवली? वैजनाथ पंडितांनी. 1805 मध्ये कॅरींचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले, 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि त्यातले मराठी शब्द मोडीत होते. बोरूने हात न उचलता लिहायची, एकातून दुसऱ्यात वाहणारी ती लिपी. तिचे सुटे खिळे पाडायचे म्हणजे वाहते पाणी तुकड्यांत कापण्यासारखे. मनोहर यांच्या ओतशाळेने ते केले. 1814 मध्ये मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ इथे छापली गेली, मागोमाग ‘हितोपदेश’. या पुस्तकांची मराठी अवघडलेली आहे, वाक्ये ठेचकाळत चालतात, आणि ती कोणी आज आवडीने वाचेल असे मला वाटत नाही. पण पेशवाई अजून उभी असताना, पुण्यात एकही छापखाना नसताना, मराठी पुस्तके हुगळीच्या काठी खिळ्यांनी छापली जात होती, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात यायला हवी होती.

1805 हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी भगवद्गीता छापवली. मूळ कल्पना नाना फडणविसांची. नाना गेल्यावर कारागीर मिरजेला आला आणि तांब्याच्या पत्र्यांवर श्लोक कोरून ती पोथी उतरली. म्हणजे मिरजेला एक तांबट आणि श्रीरामपुरात एक लोहार, एकाच सुमारास, एकाच नागरी लिपीसाठी धातू कोरत होते. फरक तंत्रात होता आणि तो निर्णायक ठरला. मिरजेचा पत्रा त्या एका पानापुरता. गीता छापून झाली की त्याने दुसरे काही छापता येत नाही. श्रीरामपूरचा खिळा आज बायबलात, उद्या व्याकरणात आणि परवा बातमीत. त्या काळी सुट्या खिळ्यांशिवाय वर्तमानपत्र नाही. मिरजेच्या त्या उद्योगाला पुढे फाटा फुटला नाही, याचा दोष तांबटाच्या हाताला देता येत नाही. त्याला ओतशाळा, कागद आणि कायमचे गिऱ्हाईक मिळाले नाही.

इमारत आतून कशी होती, हे वॉर्ड यांच्या पत्रांतून कळते. कचेरी 170 फुटांहून लांब. शिरल्याबरोबर एका लहान खोलीत पांढरा सदरा घातलेले वॉर्ड कागदांत डोके घालून बसलेले, नजर मात्र सगळ्या दालनावर. पुढे निरनिराळ्या भाषांचे पंडित अनुवाद करताहेत, मुद्रिते तपासताहेत. मग खिळ्यांचे खण : अरबी, फारसी, नागरी, तेलुगू, गुरुमुखी, बंगाली, मराठी, चिनी, ओडिया, ब्रह्मी, कन्नड, ग्रीक, हिब्रू, इंग्रजी. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती जुळारी शेजारीशेजारी उभे राहून खिळे जुळवताहेत, सोडवून पुन्हा खणांत टाकताहेत. त्यापलीकडे छापयंत्रे, कागदाच्या घड्या घालणारे, बांधणीवाले, आणि शेवटी ओतारी. हिंदुस्थानातल्या इतक्या भाषा एका छपराखाली पगारी कामाला बसलेली दुसरी जागा त्या काळी क्वचितच सापडेल.

ही इमारत 11 मार्च 1812 च्या रात्री जळाली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वॉर्ड हिशेब करत बसले होते, तेव्हा कागदाच्या कोठारातून धूर येताना दिसला. त्यांनी दारे-खिडक्या बंद करून आग गुदमरवायचा प्रयत्न केला, छपराला भोक पाडून पाणी ओतले. आग जवळजवळ आटोक्यात आली असताना कोणीतरी मदतीच्या घाईत खिडक्या उघडल्या. वारा मिळाला आणि मध्यरात्री छप्पर खाली आले. कॅरी त्या दिवशी कोलकात्यात होते, त्यांना दुसऱ्या सकाळी कळले. नुकसान सुमारे सत्तर हजार रुपयांचे. चौदा लिप्यांचे खिळे वितळले. तेलुगू व्याकरणाचे हस्तलिखित गेले, आणि कॅरी अनेक वर्षे रचत असलेला संस्कृतजन्य भाषांचा बहुभाषी कोश गेला, तो कायमचा. छापयंत्रे बाजूच्या खोलीत असल्याने वाचली. आणि ढिगारा उपसताना पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे हाती लागले, बहुतेक धड. शिसे वितळले होते, पण वितळलेले शिसे परत ओतता येते. नदीकाठची एक मोठी वखार भाडेकरूंनी नुकतीच रिकामी केली होती, तिच्यात खण मांडले, ओतारी पाळ्या लावून रात्रंदिवस बसले आणि थोड्याच महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली. विलायतेत दोनएक महिन्यांत नुकसानीइतकी वर्गणी जमली. तिचे कौतुक सगळ्या चरित्रांत आहे. मला वाटते, त्या वखारीत पाळ्या केलेल्या ओताऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली असती तर ती जास्त उपयोगी पडली असती.

कागदाचे प्रकरण पुस्तकात सविस्तर आहे, इथे थोडक्यात. देशी कागदाला भाताची खळ असे, ती किड्यांना आवडे, आणि छापलेले पुस्तक पुरे होईपर्यंत पहिले फर्मे कसरीने खाल्लेले असत. श्रीरामपुरात कसर न लागणारा कागद करायचे प्रयोग झाले. लगदा कुटायचे चक्र आधी माणसे पायांनी फिरवत. त्यात एकाचा जीव गेला. मग लँकेशायरातल्या बोल्टनहून बारा अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र आले आणि मार्च 1820 मध्ये सुरू झाले. ‘आगीचे यंत्र’ बघायला कोलकात्याहून लोक नावा करून येत. ‘श्रीरामपुरी कागद’ हे नाव पुढे बराच काळ बाजारात टिकले.

आता पत्राकडे येऊ. 1818 पर्यंत या मिशनजवळ खिळे होते, यंत्रे होती, जुळारी होते, भाषा जाणणारे पंडित होते. बातमीपत्र काढायला भीड तेवढी आडवी येत होती. कॅरींना सरकारची मर्जी जाण्याची धास्ती होती. म्हणून एप्रिलमध्ये आधी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून पाहिले. त्यात अमेरिकेचा शोध, हिंदुस्थानच्या सीमा, विलायतेतला बलून असले निरुपद्रवी विषय. कोणी डोळे वटारले नाहीत, तेव्हा मे महिन्यात ‘समाचार दर्पण’. पहिल्या अंकाचे मुद्रित इंग्रजी भाषांतरासह कोलकात्याच्या बड्या अधिकाऱ्यांकडे पाठवले गेले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज त्या वेळी बाहेर होते. परतल्यावर त्यांनी स्वहस्ते पत्र लिहून पसंती कळवली आणि टपालात सवलत दिली. संपादक म्हणून नाव जॉन क्लार्क मार्शमन यांचे, म्हणजे जोशुआंच्या मुलाचे. वाक्ये घडवणारे मात्र जयगोपाल तर्कालंकारांसारखे पंडित. हे पंडित एका आठवड्याची रजा घेऊन गेले तर पत्राची भाषा बदललेली वाचकांना कळे, असे म्हणतात, आणि जुने अंक चाळल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

पहिले बंगाली वृत्तपत्र कोणते, हा वाद बंगालात अजून मिटलेला नाही. त्याच वर्षी गंगाकिशोर भट्टाचार्य यांनी कोलकात्यात ‘बंगाल गॅझेट’ काढले. कोणाचा अंक आधी, यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मला त्या शर्यतीत रस नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी : गंगाकिशोर हे श्रीरामपूरच्या छापखान्यात जुळारी होते. म्हणजे दावेदार दोन असले तरी दोघांचे खिळे जुळवायला शिकलेले हात एकाच इमारतीतले.

‘समाचार दर्पण’ निःपक्षपाती होते, असे मिशनचे इतिहासकार सांगतात. ते तसे नव्हते. 1821 मध्ये हिंदू शास्त्रांवर टीका करणारे पत्र त्यात आले. राममोहन राय यांनी उत्तर पाठवले, तेव्हा ते जसेच्या तसे छापायला नकार मिळाला. राममोहन यांनी मग आपले स्वतंत्र नियतकालिक काढून तिथे उत्तरे छापली. नवे पत्र काढायला कारण मिळावे म्हणून जुन्या पत्राने जागा नाकारावी, ही बंगालच्या वृत्तपत्रसृष्टीला झालेली मोठीच मदत. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सतीच्या घटनांची गाव-तारखेसह नोंद हे पत्र सातत्याने करत राहिले, आणि डिसेंबर 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा झाला तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर कॅरींनीच केले. त्याच वर्षी पत्र बंगाली-इंग्रजी असे द्वैभाषिक झाले. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 ला निघाले, तेही दोन भाषांत, शेजारीशेजारी रकाने घालून.

1841 च्या डिसेंबरात ‘समाचार दर्पण’ बंद पडले. कारण साधे होते : धाकट्या मार्शमन यांना वेळ उरला नाही. वॉर्ड 1823 मध्येच गेले होते, कॅरी 1834 मध्ये, जोशुआ 1837 मध्ये. कर्जाचा बोजा वाढला. 1845 मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकून टाकले, त्रंकेबार या आपल्या दुसऱ्या वसाहतीसह साडेबारा लाख रुपयांना. गावाचे दुसरे पत्र, इंग्रजी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’, मात्र टिकले. 1857 च्या धामधुमीत त्यातल्या प्लासीच्या शतकपूर्तीवरच्या लेखामुळे सरकारने त्याला ताकीद दिली. 1875 मध्ये ते रॉबर्ट नाइट यांनी विकत घेतले. हे नाइट म्हणजे मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला ते नाव देणारे संपादक. पुढे हे पत्र कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये विरले.

छापखान्याच्या जागेवर ज्यूट मिल उभी राहिली. अलीकडे श्रीरामपुरात डेन्मार्ककालीन वास्तूंच्या डागडुजीचे काम चांगले झाले आहे. सेंट ओलाव्ह चर्चला 2016 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, जुनी डॅनिश खाणावळ 2018 मध्ये पुन्हा उघडली. प्रार्थनेची जागा वाचली, जेवणाची वाचली, आणि जिच्यामुळे गावाचे नाव जगाला कळले ती कामाची जागा गेली. यात कोणाचा कट नाही. कामाच्या जागा अशाच जातात, कारण त्या जागी दुसरे काम येते. म्हणून या पुस्तकाला इमारत दाखवता येत नाही, ती कागदपत्रांतून रचावी लागते. श्रीरामपूर कॉलेजच्या आवारातले कॅरी ग्रंथालय, मिशनचे वार्षिक अहवाल, वॉर्ड यांची दैनंदिनी आणि ब्रजेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांनी ‘समाचार दर्पण’च्या जुन्या अंकांतून वेचून सिद्ध केलेले ‘संवादपत्रे सेकालेर कथा’ हे ग्रंथ, ही त्याची मुख्य सामग्री. 1832 पर्यंत या छपराखालून चाळीस भाषांतली दोन लाख बारा हजार पुस्तके बाहेर पडली, असा आकडा नेहमी दिला जातो. त्यांत मराठीचा वाटा लहान आहे, पण तो शोधण्याचे काम मराठी माणसाशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

त्यासाठी वाचकांना एक विनंती. ज्यांच्या वाड्यांत, देवघराच्या माळ्यावर किंवा जुन्या रुमालांत मोडीत छापलेली पुस्तके असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी पहिले पान नीट पाहावे. हाताने लिहिलेली मोडी आणि छापलेली मोडी यांतला फरक एका ओळीत कळतो : छापलेल्या अक्षरात प्रत्येक ‘क’ दुसऱ्या ‘क’सारखाच असतो. तसे दिसले, आणि साल 1805 ते 1830 च्या दरम्यानचे असले, तर ते पुस्तक गावच्या वाचनालयाच्या किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली करावे. निदान त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.